चोवीस पॉइंट एक

कारखान्यातल्या कुठल्याही मशीनचं कंट्रोल पॅनेल उघडा. आत एका पट्टीवर ओळीने मॉड्यूल्स बसवलेली दिसतील. मधे सीपीयू. त्याच्या उजवीकडे इनपुट-आउटपुटची कार्डं, त्यांच्यावर लुकलुकणारे बारीक हिरवे दिवे. आणि बहुतेक वेळा सगळ्यात डावीकडे जाड वहीएवढा एक मुका डबा. त्याच्यावर दिवा एकच आणि तोही लुकलुकत नाही. नुसता लागलेला असतो.

तो पॉवर सप्लाय. आमच्या भाषेत एसएमपीएस. २३० व्होल्टचा एसी घ्यायचा आणि २४ व्होल्टचा डीसी द्यायचा, एवढंच त्याचं काम. पण पॅनेलमधलं बाकी सगळं त्या चोवीस व्होल्टांवर जगतं. पीएलसी, स्क्रीन, सेन्सर, व्हॉल्व्हची कॉइल, ऑपरेटरच्या हाताखालचं बटन, सगळं.

पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा छोटा, दणकट कॉम्प्युटर. बाटल्या भरणारं मशीन असो की साखर कारखान्याचा बॉयलर, कधी काय उघडायचं आणि कधी काय बंद करायचं हे तो ठरवतो. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंनी भरलेल्या अवाढव्य पॅनेलांऐवजी काहीतरी सुटसुटीत हवं होतं. डिक मॉर्ली आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्सने त्यातून 'मॉडिकॉन ०८४' बनवला. तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून ते नाव. मॉर्लींना आज पीएलसीचा जनक म्हणतात. डिप्लोमाला आम्हाला हे परीक्षेत विचारायचे. पॉवर सप्लायवर मात्र दोन मार्कांचा प्रश्न यायचा आणि तो आम्ही ऑप्शनला टाकायचो.

मी चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो तेव्हाची ही गोष्ट. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनायचे तिथे. माझ्याकडे सहा हायड्रॉलिक प्रेस होते. त्यातल्या चार नंबरच्या प्रेसवर ठेकेदाराचा एक मुलगा होता. परभणीकडचा, म्हणून सगळे त्याला परभणीच म्हणायचे. वय असेल एकवीस-बावीस. कायम सेकंड शिफ्ट. ठेकेदाराच्या मुलांना शिफ्ट बदलून मागायची सोय नसते.

प्रेसवर दोन बटनं असतात, दोन हातांना लांब पडतील अशी. दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत दाबायची आणि प्रेस खाली येईपर्यंत दाबून ठेवायची. एक जरी सुटलं तरी प्रेस तिथल्या तिथे थांबतो. दोन्ही हात बटनांवर असले की एकही हात डायमधे नसतो, असा साधा हिशेब. ही राखण पॅनेलमधला एक सेफ्टी रिले करतो. तो मुद्दाम भित्रा बनवलेला असतो. जरा शंका आली की सोडून देतो.

मे महिन्यात चार नंबर अधूनमधून अर्ध्यावर थांबायला लागला. स्क्रीनवर दरवेळी एकच मेसेज : टू-हॅन्ड बटन रिलीज. म्हणजे ऑपरेटरने हात काढला.

पंधरा दिवसांत अकरा वेळा. मी लॉग काढला. अकराच्या अकरा वेळा सेकंड शिफ्ट, म्हणजे अकराच्या अकरा वेळा परभणी. सकाळच्या शिफ्टला तोच प्रेस, तेच बटन, आणि एकही अलार्म नाही. यापेक्षा सरळ पुरावा काय असतो?

शिफ्ट इन्चार्जचं म्हणणं होतं की तो पेंगतो. प्रॉडक्शनवाल्यांचं म्हणणं होतं की मोबाइल बघतो. परभणी फक्त एकच वाक्य बोलायचा, "साहेब, हात काढलाच नाही हो मी." त्याला कोणी खोडूनही काढत नव्हतं. नुसतं हसत होते.

मग मला सांगितलं गेलं की मशीनमधे काही नाही ना, ते एकदा बघून घ्या.

मी बघितलं. सकाळी साडेदहाला, चहाच्या वेळी, प्रेस थांबलेला असताना. बटनांची वायरिंग तपासली, कनेक्शन्स आवळली. मल्टिमीटरच्या प्रोब पॉवर सप्लायच्या टर्मिनलला लावल्या. २४.१. पुस्तकात छापावा असा आकडा. पीएलसीच्या या सप्लायला वजा पंधरा ते अधिक वीस टक्के चालतं, म्हणजे २०.४ ते २८.८ व्होल्ट. मी तर मधोमध होतो.

रजिस्टरमधे लिहिलं : सप्लाय ओके, वायरिंग ओके, मशीनमधे दोष नाही. खाली सही केली.

मी त्या मुलाविरुद्ध एक शब्दही लिहिला नव्हता. तेव्हा मला असंच वाटलं होतं. पण मशीनमधे दोष नाही म्हटल्यावर उरतो कोण? दोन दिवसांनी त्याचा गेटपास बंद झाला. मी गेटजवळून जात होतो तेव्हा तो सिक्युरिटीच्या खिडकीपाशी उभा होता, डबा आणि सेफ्टी शूजची पिशवी घेऊन. त्याने मला हाक मारली नाही. मीही थांबलो नाही.

नवीन ऑपरेटर आला. दोन दिवस काही नाही. शिफ्ट इन्चार्ज माझ्याकडे बघून म्हणाला, "बघा, माणूस बदलला की मशीन सुधारतं." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला चार नंबर अर्ध्यावर थांबला. टू-हॅन्ड बटन रिलीज.

त्याच आठवड्यात मामा गावाहून परत आले. मामा म्हणजे आमचे जुने इलेक्ट्रिशियन. निवृत्तीला आलेले, आयटीआयवाले, कारखान्यातल्या सगळ्यांचेच मामा. त्यांना मी सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी पॅनेल उघडलं आणि वायरींपासून सांभाळून पॉवर सप्लायच्या कुशीला उलटा हात लावला.

"सर, तुम्ही लावा."

मी लावला आणि लगेच काढला. चांगलाच तापला होता.

"मोजला कधी होता?"

"सकाळी."

"चालू असताना?"

मी गप्प.

शेजारच्या युनिटमधून ऑसिलोस्कोप मागून आणला. मल्टिमीटर सेकंदाला काही वेळाच आकडा बदलतो आणि मधल्या वेळात जे झालं त्याची सरासरी दाखवतो. स्कोप प्रत्येक क्षणाची रेघ काढतो. प्रोब लावली आणि प्रेस चालवला. रेघ चोवीसवर सरळ होती. प्रेस खाली येताना दोन मोठ्या व्हॉल्व्हच्या कॉइल एकदम ओढल्या गेल्या आणि रेघेला खड्डा पडला. पहिल्या दहा-बारा सायकलींत तो वीसच्या वरच राहिला. मग शेजारच्या शेडमधलं काहीतरी मोठं सुरू झालं, ट्यूबलाइट किंचित फडफडल्या, आणि त्या वेळचा खड्डा थेट पंधरा व्होल्टांपर्यंत गेला. सुमारे चाळीस मिलिसेकंद. पापणी लवायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.

तेवढ्यात सीपीयूने तग धरला. स्क्रीनही चालू राहिली. पण भित्रा सेफ्टी रिले सुटला. तो सुटला की पीएलसीला एवढंच कळतं की बटनांचा सिग्नल गेला. का गेला हे कळायला त्याच्याकडे मार्ग नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने त्या सिग्नलपुढे एक वाक्य लिहून ठेवलेलं होतं, तेच स्क्रीनवर आलं. टू-हॅन्ड बटन रिलीज.

आम्ही सगळे ते वाक्य साक्षीसारखं वाचत होतो.

मॉड्यूल बदललं. जुनं काढून बाजूला ठेवलं, आतला चार्ज उतरायला वेळ दिला आणि मग उघडलं. आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावर अवलंबून आहे. आलेला २३० व्होल्टचा एसी आधी सरळ करून डीसी केला जातो. तो साधारण ३२५ व्होल्टांचा होतो. एसी सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होतो, त्यामुळे त्याचा जोर दर दहा मिलिसेकंदांनी एकदा येतो आणि मधे ओसरतो. या ओसरत्या वेळात पुरवठा टिकवायला एक मोठा कपॅसिटर असतो. गावाकडच्या रांजणासारखा. नळ आला की भरायचा, नळ गेला की त्यातून काढायचं. पुढे हा डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून नेतात, चोवीस व्होल्ट करतात आणि बाहेर पडण्याआधी पुन्हा छोट्या रांजणांत साठवून सपाट करतात.

आमच्या मॉड्यूलमधले रांजण आटले होते. मोठ्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं होतं. बाजूच्या दोघांच्या बुडाशी तपकिरी डाग होते. या कपॅसिटरांत पातळ रसायन असतं, ते वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातं. रसायन कमी झालं की साठवण कमी होते. भार नसताना काही कळत नाही. मीटर चोवीस पॉइंट एक दाखवतो, हिरवा दिवा लागलेला असतो. पण संध्याकाळी आसपासचे कारखाने आणि वस्त्या मिळून लाइनचा व्होल्टेज थोडा खाली आणतात, रांजण मुळातच कमी भरतो, आणि तेवढ्यात दोन कॉइल एकदम पाणी मागतात. सकाळच्या शिफ्टला लाइन चांगली असायची, म्हणून अलार्म नव्हता. दोष सेकंड शिफ्टच्या माणसात नव्हता. सेकंड शिफ्टच्या वेळेत होता.

भाराचा हिशेबही आम्ही कधी केला नव्हता. मॉड्यूल पाच अँपियरचं. मशीन आलं तेव्हा त्यावर साडेतीनचा भार होता. नंतर कोणी बारकोड स्कॅनर लावला, कोणी दिव्यांचा खांब, कोणी दोन सेन्सर. प्रत्येकाने तिथूनच चोवीस व्होल्ट घेतले, कारण ते तिथे होते. मोजलं तर ऐन वेळेला साडेचारच्या वर जात होतं. नव्या मॉड्यूलने ते ओढलं असतं. आटलेल्याने नाही.

आता मुख्य गोष्ट. हे कपॅसिटर इतक्या लवकर का आटले?

त्यांचा एक ठोकताळा आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. समजा एखाद्या कपॅसिटरवर १०५ अंशाला ५,००० तास असं लिहिलंय. ते तापमान दहा-दहा अंशांनी उतरवत ६५ वर आणलं तर आयुष्य चार वेळा दुप्पट होतं, म्हणजे ८०,००० तास. दिवसरात्र चालवलं तरी नऊ वर्षं. तेच ७५ अंशांवर ठेवलं तर ४०,००० तास, साडेचार वर्षं. दहा अंशांची किंमत साडेचार वर्षं.

चार नंबरचं मशीन पाच वर्षांचं होतं. त्याच्या पॅनेलला हवा घेणारा एक पंखा होता आणि पंख्यापुढे फिल्टरची जाळी. मामांनी ती जाळी काढून माझ्या हातात दिली. तेल आणि धुळीने तिचा पापड झाला होता. त्यातून हवा जाणं शक्यच नव्हतं.

ती जाळी दर महिन्याला धुवायची असते. प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सच्या शीटमधे सातवी ओळ आहे ती. मी फाइल काढली. मागच्या चौदा महिन्यांच्या शीटवर सातव्या ओळीत टिक होती. चौदाही टिका माझ्या. महिन्याच्या शेवटच्या दिवशी ऑडिटसाठी शीट भरायच्या असतात, सहा प्रेसच्या सहा शीट, प्रत्येकी बावीस ओळी. एका बैठकीत, वरून खाली, एका पेनने. जे करतात त्यांना माहीत आहे.

आणखी एक गोष्ट मामांनी दाखवली. मॉड्यूलला दोन टर्मिनल मोकळी होती, त्यांवर लिहिलं होतं 'डीसी ओके'. आउटपुट घसरलं की आतला छोटा संपर्क उघडतो आणि पीएलसीला कळवता येतं की सप्लायचं काहीतरी बिघडलंय. ती दोन टर्मिनल वायरने एका इनपुटला जोडली असती तर टू-हॅन्ड रिलीजच्या आधी स्क्रीनवर कदाचित दुसरं वाक्य आलं असतं. पण मशीन बनवणाऱ्याने जोडली नव्हती आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. एवढ्या मोठ्या पॅनेलमधे स्वतःची तक्रार सांगायची सोय असलेला तो डबा होता, आणि ती सोय पाच वर्षं रिकामी होती.

ब्रेकडाउन रिपोर्ट भरला. त्यात पाच वेळा 'का' विचारायचा असतो. प्रेस का थांबला? रिले सुटला. रिले का सुटला? व्होल्टेज पडला. का पडला? कपॅसिटर कमजोर. का? पॅनेल गरम. का? फिल्टर चोक. रिपोर्ट तिथे संपला. फिल्टर का चोक झाला याला सहावी ओळ नव्हती. मी ती काढलीही नाही.

प्रॉडक्शन मॅनेजरना सांगितलं की तो मुलगा खरं बोलत होता. ते म्हणाले, "बरं झालं सापडलं. लाइन चालू आहे ना?" ते वाईट नव्हते. त्यांच्या डोक्यात त्या दिवसाचे आठशे पार्ट होते. एचआरला मेल टाकला. उत्तर आलं की तो आपल्या पेरोलवर नव्हता, ठेकेदाराशी बोला. ठेकेदार म्हणाला, जागा भरली सर, आता कुठून घेऊ.

त्याचा नंबर मिळवून फोन करायला मला आणखी आठ दिवस लागले. नंबर पहिल्याच दिवशी मिळाला असता. आठ दिवस कशाला लागले ते मला माहीत आहे.

फोनवर तो शांत होता. रांजणगावला काम बघतोय म्हणाला. मी सांगितलं की मशीनमधेच दोष होता, सप्लाय कमजोर झाला होता, फिल्टर मी धुतला नव्हता आणि मोजमापही मी चुकीच्या वेळी केलं होतं. त्याने ऐकून घेतलं. मी म्हटलं, ठेकेदाराकडे काही पैसे अडकले असतील तर सांग. नऊ दिवसांचे होते. ते मी मागे लागून पुढच्या पंधरवड्यात काढून दिले. काम मात्र देता आलं नाही.

मग तो म्हणाला, "साहेब, एक करता का? माझ्या दाजींना फोन करून हे सांगता का? त्यांनीच मला लावलं होतं तिथं. त्यांना वाटतंय मी झोपत होतो. घरी पण तेच सांगितलंय त्यांनी."

दाजी टेम्पो चालवायचे, चाकण ते मुंबई. त्यांनी माझा फोन घेतला तेव्हा मागे हॉर्न वाजत होते. मी नाव सांगितलं, कारखाना सांगितला. ते एकदम सावध झाले. "त्याने अजून काही केलं का साहेब?"

"नाही, त्याने काहीच केलं नव्हतं. तेच सांगायला फोन केलाय."

आणि मग मला पॉवर सप्लाय समजावून सांगायचा होता. इंटरव्ह्यूला सांगितला होता, ऑडिटरला सांगितला होता. पण या माणसाला रिपल आणि लोड रेग्युलेशन सांगून काय उपयोग? मी अडखळत होतो. एसी, डीसी, रांजण, कॉइल. ते हं, हं करत होते. त्या 'हं'वरून कळत होतं की साहेब मेव्हण्याची बाजू सावरतोय असंच त्यांना वाटतंय.

शेवटी म्हटलं, "दाजी, गाडीची बॅटरी बसायला आली की काय होतं? नुसती उभी असताना दिवे लागतात, हॉर्न वाजतो. मीटर लावला तर बारा व्होल्टही दाखवते. आणि सेल्फ मारला की?"

"दिवे पडतात. गाडी टक टक करते." ते लगेच म्हणाले.

"तसंच. मशीनची बॅटरी बसली होती समजा. प्रेस खाली यायला लागला की दिवे पडायचे. अगदी एका झटक्यापुरते. तेवढ्यात मशीनला वाटायचं, याने हात काढला."

पलीकडे काही वेळ नुसता रस्त्याचा आवाज येत राहिला. मग त्यांनी विचारलं, "मग तुम्ही तपासलं तेव्हा सेल्फ मारून नव्हतं बघितलं का?"

रागाने नाही विचारलं. एखादा मेकॅनिक दुसऱ्याला विचारतो तसं विचारलं. टेम्पोवाल्याला बॅटरी बघायची म्हटलं की तो आधी सेल्फ मारतो, मीटर नंतर काढतो. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

"नव्हतं बघितलं," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. "सांगतो मी घरी." आणि फोन ठेवला.

त्यांनी घरी सांगितलं की नाही, मी नंतर विचारलं नाही. सहाही प्रेसच्या मॉड्यूल्सवर आता बसवल्याची तारीख मार्करने लिहिलेली आहे, 'डीसी ओके'ची वायर जोडलेली आहे, आणि नवीन काही लावायचं असेल तर आधी अँपियरची बेरीज होते. ते कारखान्याने मान्य केलं. सातव्या ओळीतली टिक मी जाळी हातात घेतल्याशिवाय करत नाही. ते माझं मी ठरवलं.

आणि सप्लाय मोजायचा असेल तर मी सेकंड शिफ्टला जातो. मीटर मिनिमम पकडण्यावर ठेवतो, प्रोब लावतो, आणि जो कोणी ऑपरेटर असेल त्याला म्हणतो, "मार रे एक सायकल."